अलॉटमेंट सोडताना घरी काय आणावं, काय आणू नये

पत्र: आम्ही लेस्टरला राहतो. ह्यांच्याकडे पंधराएक वर्षांपासून काउन्सिलच्या अलॉटमेंटचा, म्हणजे भाजी पिकवायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीचा, एक पूर्ण प्लॉट आहे. जूनमध्ये ह्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं. उन्हाळाभर तिकडे कुणी फिरकलं नाही, आणि आता काउन्सिलचं पत्र आलंय की लागवड दिसत नाही, सुधारणा करा, नाहीतर प्लॉट काढून घेऊ. मुलं म्हणतात, सोडून द्या, घरामागे चार कुंड्या लावा. ह्यांच्यासमोर विषय काढला की हे उठून दुसऱ्या खोलीत जातात. प्लॉटवर जायला मला दोन बस बदलाव्या लागतात, गाडी मला येत नाही. अर्धा प्लॉट ठेवावा का? मी एकटीने बघावा का? घरामागची जागा साधारण आठ मीटर लांब, पाच मीटर रुंद आहे, निम्म्यात फरशी. सकाळपासून ऊन असतं, दुपारी दोननंतर घराची सावली पडते. तिथे खरंच काही होईल का? शेड, पॉलिटनेल (प्लास्टिकचा बोगदा), रुबार्ब, रासबेरी यांचं काय करायचं? ह्यांचा दुधी अख्ख्या साइटवर नावाजलेला होता, तो तर घरी होणार नाही. आणि पुढच्या मे महिन्यात भाचीच्या लग्नाला पुण्याला तीन आठवडे जाणार आहोत, म्हणजे ऐन लावणीच्या वेळी घर बंद.
— एक वाचक, लेस्टर

ताई,

प्लॉट सोडावा, असंच मलाही वाटतं. पूर्ण सोडावा, अर्धा ठेवू नये, आणि तुम्ही एकटीने तर मुळीच अंगावर घेऊ नये. मात्र काउन्सिलच्या पत्राला घाबरून ह्याच आठवड्यात सोडू नका, आणि यजमानांना वगळून तर नाहीच नाही. प्लॉट त्यांच्या नावावर आहे, नोटीस त्यांच्याच सहीने जायला हवी. मुलांनी परस्पर ठरवून टाकायची ही गोष्ट नव्हे.

आधी त्या पत्राचं बघू. आज-उद्याच काउन्सिलच्या अलॉटमेंट विभागाला चार ओळींचा ईमेल करा. ऑपरेशन कधी झालं, त्यामुळे उन्हाळ्यात काम झालं नाही, आणि मार्चअखेरपर्यंत मुदत हवी आहे, इतकंच लिहा. हॉस्पिटलच्या पत्राची प्रत जोडा. आजारपणाचं कारण वेळेवर कळवलं तर बहुतेक ठिकाणी समजून घेतात. गप्प बसू नका, कारण कायदा तिथे तुमच्या बाजूने नाही. १९२२ च्या कायद्याने जमीनमालकाला प्लॉट परत हवा असला तर निदान बारा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. पण कराराची अट मोडली, आणि लागवड न करणं हे अट मोडणंच धरतात, तर १९०८ च्या कायद्यानुसार एका महिन्याच्या नोटिशीवरही प्लॉट जाऊ शकतो. पंधरा वर्षं राबलेल्या माणसाचा प्लॉट काढून घेतला जाणं आणि त्याने स्वतः तो सोडणं यात फार फरक आहे. तो फरक राखण्यासाठी हा ईमेल.

आता अर्धा का नको, ते सांगते. इथला पूर्ण प्लॉट म्हणजे दहा चौरस रॉड (रॉड म्हणजे साडेसोळा फूट), साधारण अडीचशे चौरस मीटर. आपल्या मोजमापात बरोबर अडीच गुंठे होतात, कारण गुंठ्याची बाजू तेहतीस फूट, म्हणजे नेमके दोन रॉड. चार जणांच्या कुटुंबाला वर्षभर भाजी पुरावी असा त्या दहा रॉडमागचा हिशेब होता. दुसऱ्या महायुद्धात ‘डिग फॉर व्हिक्टरी’ ह्या घरोघरी भाजी पिकवण्याच्या मोहिमेच्या काळात लोकांनी ह्याच मापाच्या तुकड्यांवर घरं चालवली. तुमच्या घरात आता दोघं आहात. अर्धा प्लॉट ठेवला तरी सव्वा गुंठा उरतो, म्हणजे पुण्यातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटपेक्षा मोठी जागा खुरपायची, तीही दोन बस बदलून आणि नव्या खुब्यानिशी. मे आणि जूनमध्ये आठ दिवस गेलं नाही तर बाइंडवीड हे वेलीसारखं तण सगळं झाकून टाकतं, हे तुम्ही ह्या वर्षी पाहिलंच असेल. अर्धा प्लॉट त्यांना शोभतो, ज्यांचं अंतर कमी आहे किंवा मदतीला तरणा माणूस आहे. तुमच्याकडे दोन्ही नाही. पुढच्या सप्टेंबरमध्ये असंच पत्र पुन्हा यायला नको.

यजमान उठून जातात, कारण त्यांना प्रश्न ‘ठेवायचा की सोडायचा’ असा विचारला जातोय, आणि उत्तर त्यांनाही माहीत आहे. तो प्रश्न विचारू नका. ‘काय काय घरी आणायचं?’ असं विचारा. एखाद्या कोरड्या दिवशी मुलाला गाडी घेऊन बोलवा, एक घडीची खुर्ची सोबत न्या, आणि त्यांना प्लॉटवर बसवून ठरवू द्या. कुठलं झुडूप न्यायचं, कुठली अवजारं घरी, कुठली शेजारच्याला द्यायची, हे त्यांनीच बोट दाखवून सांगावं आणि मुलाने सुतळी बांधत जावं. माणसाला निरोप घ्यायला काहीतरी हातात काम लागतं. त्यानंतर सहीचा विषय काढणं सोपं जाईल, कदाचित तेच काढतील.

नोटीस देताना करार काढून बघा. भाडेवर्ष कुठे एप्रिलमध्ये, कुठे ऑक्टोबरमध्ये सुरू होतं, आणि आपण किती दिवस आधी कळवायचं तेही प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. तुमचं वर्ष मार्चअखेर संपत नसलं तरी शक्य असेल तर मार्च हीच तारीख मागा. झाडं हलवायला हिवाळा हवा, आणि तुमच्यानंतर येणाऱ्यालाही वसंतात मोकळी जमीन मिळेल. प्लॉट ओळखीच्या कुणाला परस्पर देता येत नाही, तो प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाकडे जातो. शेड आणि पॉलिटनेल मागे ठेवायचं असेल तर काउन्सिलकडून तसं लेखी घ्या. चांगल्या स्थितीतलं असेल तर पुढच्याला आनंदच होतो, पण न विचारता ठेवलं तर हलवण्याचा खर्च तुमच्या माथी येऊ शकतो. फुटकी काच, जुनं प्लास्टिक, गालिच्याचे तुकडे मात्र काढून टाका. शेवटच्या दिवशी सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि किल्ली परत दिल्याची पोच घ्या.

घरी आणायच्या गोष्टींत पहिला मान आंबट देठांच्या रुबार्बचा. पानं मरून गेली की, म्हणजे साधारण नोव्हेंबरपासून, तो उकरता येतो. गड्डा मोठा झाला असेल, अख्खा आणू नका. फावड्याने तोडून असा तुकडा घ्या, ज्यावर निदान एक जाड, गुलाबी डोळा आणि त्याच्याखाली भरपूर मूळ असेल. मऊ पडलेला, कुजकट वास येणारा मधला भाग टाकून द्या. निदान अर्धा मीटर रुंदीची कुंडी लागेल, किंवा घरामागच्या मातीत एक कोपरा. डोळा मातीच्या पातळीवर राहू द्या, खोल पुरला तर कुजतो. पहिल्या वर्षी एकही देठ तोडायचा नाही, दुसऱ्या वर्षापासून तुमचा आंबटगोड मेथांबा कैरीवाचून सुरू. पानं विषारी असतात, ती कंपोस्टमध्ये टाकायला हरकत नाही, खायची नाहीत.

रासबेरीच्या पाचसहा काड्या मुळांसकट हिवाळ्यात काढून आणल्या की लागतात. पण त्या जमिनीखालून धावतात, आठ मीटरच्या जागेत मोकळ्या सोडल्या तर फरशीच्या सांध्यांतून वर येतील, तेव्हा मोठ्या कुंडीतच. गूजबेरी किंवा करंट असेल तर झाड उपटण्याची गरज नाही. पानं गळल्यावर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या काड्या कापून कुंडीत निम्म्याहून जास्त खोल खोचून ठेवा, वर्षभरात रोप होतं. शतावरीचे (अस्पॅरागसचे) वाफे असतील तर ते तिथेच राहू द्या, म्हातारी शतावरी हलवलेलं सहसा सोसत नाही. पुढच्या माणसाला ती भेट होईल.

एक गोष्ट मात्र अजिबात आणू नका: माती. मला माहीत आहे, पंधरा वर्षं शेणखत घालून काळी केलेली माती सोडवत नाही. इथली मूळ चिकणमाती काय असते ते तुम्ही पहिल्या वर्षी पाहिलंय, त्यामुळे जीव जास्तच तुटतो. पण जुन्या अलॉटमेंटच्या मातीत कांदा-लसणाचा व्हाइट रॉट आणि कोबीवर्गाचा क्लबरूट हे दोन रोग बऱ्याचदा ठाण मांडून असतात, आणि एकदा शिरले की पंधरा-वीस वर्षं जात नाहीत. तुमच्या प्लॉटवर ते आहेत की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. दोन पोती माती आणायची आणि घरामागचा एकुलता एक तुकडा कायमचा बिघडवायचा, हा सौदा करू नये. रुबार्बचं मूळही पाण्याने धुऊन, त्यातले बाइंडवीडचे पांढरे दोरे वेचून मगच लावा. खोरी-फावडी धुऊन आणा.

आता तुमचा खरा प्रश्न, घरी काही होतं का. होतं, आणि चांगलं होतं. अट एकच. अलॉटमेंट छोटी करून घरी आणायचा प्रयत्न करायचा नाही. बटाटा, कांदा, कोबी, लाल भोपळा यांना निरोप द्या. त्यांना जागा लागते, महिनोन्‌महिने लागतात, आणि दुकानात ते स्वस्त मिळतात. घरी तेच लावायचं जे रोज मूठभर लागतं, महाग पडतं आणि बाजारातून आणल्यावर दुसऱ्या दिवशी मान टाकतं. मेथी, कोथिंबीर, शेपू, लाल माठ, ओला लसूण, मिरची, कढीपत्ता. मेलटन रोडवरच्या दुकानातून आणलेली कोथिंबिरीची जुडी निम्मी फ्रिजमध्ये काळी पडते. दारातून चार काड्या खुडून पोह्यांवर घातल्या तर वाया काहीच जात नाही. पिशव्यांतलं कंपोस्ट विकत घ्यावं लागतं, त्यामुळे किलोच्या हिशेबात घरची भाजी स्वस्त पडत नाही, हे आधीच धरून चला. तिचा हिशेब ताजेपणाचा आणि पायपीट वाचल्याचा आहे.

तुमच्या जागेची मांडणी उन्हावरून ठरते. दोननंतर घराची सावली येते, म्हणजे घराजवळचा भाग आधी सावलीत जातो आणि कुंपणाकडच्या टोकाला ऊन सगळ्यात उशिरापर्यंत राहतं. तेव्हा टोमॅटो, मिरची, फरसबी तिकडच्या टोकाला, आणि पालेभाज्या स्वयंपाकघराच्या दाराशी. मेथी-कोथिंबिरीला चार तास ऊन पुरतं, दुपारची सावली तर जून-जुलैत त्यांच्या फायद्याचीच.

दाराशी फरशीवर कमरेइतक्या उंचीचं काहीतरी करून घ्या. खुबा बदलल्यावर किती आणि कधीपासून वाकायचं हे फिजिओथेरपिस्टला विचारायलाच हवं, पण एरवीही ह्या वयात जमिनीवर बसून खुरपण्यात शहाणपण नाही. लाकडाचा उंच वाफा करणार असाल तर रुंदी साठ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, एका बाजूने हात पोचला पाहिजे. पण हे वाफे पोटभर कंपोस्ट खातात. सव्वा मीटर लांब, साठ सेंटीमीटर रुंद आणि तितकाच उंच वाफा भरायला चाळीस लिटरच्या अकरा-बारा पिशव्या लागतात. खालच्या निम्म्या भागात छाटलेल्या फांद्या, वाळकी पानं, उलटे घातलेले गवताचे थर भरा, वर पंचवीस-तीस सेंटीमीटर कंपोस्ट असलं की पालेभाजीला पुरतं. दरवर्षी खाली बसेल, वरून भर घालत राहायची. मला विचाराल तर वाफ्याऐवजी एक भक्कम टेबल आणि त्यावर खाली भोकं असलेले खोल क्रेट, हे जास्त सोयीचं. हलवता येतात, आणि गोगलगायींना टेबलाचे चार पाय चढून यावं लागतं, त्या रात्री टॉर्च घेऊन वेचणं सोपं जातं. कोवळी मेथी त्यांना आपल्याइतकीच आवडते.

मेथीला बियाण्याचं पाकीट विकत आणू नका. डब्यातले मेथीदाणे रात्रभर भिजवा, आणि आठ सेंटीमीटर खोलीच्या ट्रेमध्ये दाट पसरा, दाण्याला दाणा जवळजवळ चिकटेल इतके. वर कंपोस्टचा पातळ थर, हलकं पाणी, आणि रोप दिसेपर्यंत वर्तमानपत्राचा कागद. मुंबईला समुद्रकाठच्या रेतीत पिकवतात ती बारीक जुड्यांची समुद्रमेथी आठवते ना, तशीच ही खायची. दोन पानं उघडून तिसरं डोकावलं की मुळासकट उपटायची किंवा कात्रीने कापायची. लसूण-मिरचीच्या फोडणीवर परतली की देठासकट शिजते. एप्रिल ते सप्टेंबर बाहेर, आणि उरलेल्या महिन्यांत खिडकीत. दर पंधरवड्याला एक ट्रे पेरत राहिलं तर खंड पडत नाही. मोठ्या पानांची मेथी हवी असेल तर विरळ पेरून क्रेटमध्ये वाढवा, पण त्यासाठी घाई नको.

कोथिंबिरीचे धणे लाटण्याखाली रगडून दोन फोडी करून पेरायचे, हे तुम्हाला सांगायला नको. इथला त्रास वेगळा आहे. जूनचा दिवस सोळा-सतरा तासांचा असतो, त्यात ती लगेच तुऱ्यावर येते. उन्हाळ्यात थोडी थोडी, सावलीच्या बाजूला पेरा, आणि मोठी पेरणी ऑगस्टमध्ये करा. ती सावकाश वाढते आणि थंडी पडेपर्यंत पुरते.

लसूण तर आत्ताच, हिवाळ्याआधी. खोल कुंडीत पाकळ्या बोटाच्या अंतराने, टोक वर करून खोचा. गड्डे मिळवायचे नाहीत, हिरवी पात कापायची आहे, म्हणून इतकी दाटी चालते. फेब्रुवारी-मार्चमध्ये, बाहेर दुसरं काही नसतं तेव्हा, ओल्या लसणाची चटणी आणि बाजरीची भाकरी. यजमानांना हे काम खुर्चीवर बसून आजच करता येईल.

अळूही करून बघा. अलॉटमेंटवर तो थंडीने जातो, घरी कुंडी आत घेता येते. दुकानातून कोंब दिसणारी अळकुडी आणून एप्रिलमध्ये खिडकीतल्या कुंडीत लावा, जूनमध्ये बाहेर, खाली पाण्याची ताटली ठेवून. त्याला पाय ओले आवडतात. पानं मोठी होईपर्यंत ऑगस्ट उजाडतो, रोजची भाजी म्हणून तो पुरणार नाही, पण सणाला अळूवडी होईल. ऑक्टोबरमध्ये कडाका पडायच्या आत कुंडी घरात. कढीपत्त्याचंही तसंच, फक्त हिवाळ्यात त्याला पाणी अगदी कमी. पानं गळली तर घाबरून पाणी वाढवू नका, बहुतेक कढीपत्ते थंडीपेक्षा ओल्या मुळांनी मरतात.

आणि दुधी. घरामागे पॉलिटनेल बसणार नाही, बाहेर कुंपणावर चढवला तर मिडलँड्सच्या एखाद्या चांगल्या उन्हाळ्यात दोनचार लागतील, एरवी नाही. पण दुधी सोडायची गरज मला दिसत नाही. त्याचं बी राखलेलं असेल, तर साइटवर ज्याच्याकडे पॉलिटनेल आहे अशा शेजाऱ्याला ते यजमानांनी स्वतः नेऊन द्यावं. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं. नर फूल तोडून, पाकळ्या मागे करून, मागे इवलासा दुधी असलेल्या मादी फुलावर हलकेच फिरवावं लागतं, नाहीतर ते इवलं फळ पिवळं पडून गळतं. हे ज्याला माहीत नाही त्याच्या पॉलिटनेलमध्ये वेल छताला लागतो आणि दुधी एकही नाही. हे काम शिकवायला वाकावं लागत नाही, खणावं लागत नाही, जुलै-ऑगस्टमधल्या काही संध्याकाळी जावं लागतं. ज्याचा प्लॉट त्याच्या गाडीतून जाता येईल. बऱ्याच साइटच्या असोसिएशनमध्ये प्लॉट नसलेल्यांनाही सभासद होता येतं, तेही विचारून ठेवा. मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी ह्याचीच वाटली. भाजीची सोय घरी होईल. पंधरा वर्षं शनिवार-रविवारी ज्यांच्याशी बोलणं व्हायचं, ती माणसं कुंडीत येत नाहीत. तेव्हा प्लॉट सोडण्याच्या दिवसाआधीच हे ठरवून टाका, नंतर म्हणाल तर राहून जाईल.

पुण्याच्या लग्नाचं मनावर घेऊ नका. मेच्या मध्यापर्यंत, कधी कधी शेवटापर्यंतही, तुमच्याकडे रात्री दव गोठू शकतं, त्यामुळे टोमॅटो, मिरची, लाल माठ, फरसबी यांना एरवीही जूनच्या तोंडावरच बाहेर काढतात. मेथीचा शेवटचा ट्रे निघायच्या आधी कापून पराठे करा. परत आल्यावर टोमॅटो-मिरचीची तयार रोपं विकत घ्या आणि माठ, शेपू, फरसबी थेट पेरा. माठ-शेपू जुलैत काढायला लागाल. मधल्या तीन आठवड्यांत पाणी लागेल ते लसूण, रुबार्ब, रासबेरी, अळू आणि कढीपत्त्याला. अळू आणि कढीपत्ता तेव्हा अजून घरातच हवेत, त्या दोन कुंड्या शेजाऱ्याच्या खिडकीत ठेवायला द्या. बाकीच्या कुंड्या जाताना दाराजवळ सावलीत एकत्र लावून ठेवा, पावसाच्या पाण्याचं पिंप असेल तर त्याच्या शेजारी, आणि पाच लिटरची छोटी झारी तिथेच ठेवा. दर दोन दिवसांनी यायला जमेल असा एखादा शेजारी आत्ताच विचारून ठेवा, आणि त्याला सांगा की तुम्ही नसताना लसणाची पात हवी तेवढी कापून न्यायची.